पूर्वेच्या खिडकीतलं दुपारचं ऊन

आरसेवाल्याने सात नंबरच्या आरशावर तोंडाची वाफ सोडली, पुढे वाकून फडक्याने वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि बाजूला झाला. तिरकी मान करून त्याने काच पाहिली. कोपऱ्यात अजून एक ओघळ होता. तो पुन्हा आरशासमोर उभा राहिला, पुन्हा पुसलं, पुन्हा बाजूला झाला. मग तिसऱ्यांदा. बाकीच्या सात आरशांना त्याने आज हातसुद्धा लावला नव्हता.

“अहो मिस्त्री, किती घासाल? पातळ होईल तो!” लॉन्ड्रीची मालकीण जिन्यातून वर येत म्हणाली.

“धूळ होती.”

“धूळ काय, आठही जणांवर आहे. तुम्ही त्याच्या एकट्याच्याच मागे लागलाय.”

त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. तीन वाजून बेचाळीस मिनिटं. अजून अर्धा तास होता. खाली लॉन्ड्रीची मोठी यंत्रं घरघरत होती, इस्पितळाच्या चादरी त्यांच्यात उलट्यापालट्या होत होत्या, आणि त्या यंत्रांना लागणारी वीज याच छतावरच्या सोलर पॅनेलांतून जात होती. पॅनेलं बसली तेव्हा सगळं छान होतं. पुढे नैर्ऋत्येला चार मजली इमारत उभी राहिली आणि दुपार झाली की तिची सावली पॅनेलांवर येऊन बसायला लागली. छताचा पूर्वेकडचा कठडा मात्र उन्हातच राही. म्हणून गेल्या डिसेंबरात त्याने त्या कठड्यावर ओळीने आठ आरसे बसवले. तिथलं ऊन पकडायचं आणि पॅनेलांवर फेकायचं, एवढंच त्यांचं काम. सूर्य वर-खाली सरकतो तसा आरशांचा कल बदलावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाच्या स्टँडला पाच भोकं आणि एक खुंटी. कोणत्या तारखेला कोणतं भोक, याचं कार्ड त्याने स्वतः लिहून जिन्याच्या दारामागे चिकटवलं होतं.

“तिसऱ्या भोकाला खुंटी कोणी घातली?” त्याने विचारलं.

“मी. वीस तारखेला. कार्डावर वीसच लिहिलंय, तुमच्याच अक्षरात. मी बाई तारखेची पक्की आहे.”

“मी आल्याशिवाय हात लावू नका, असा फोन केला होता मी.”

“तो माझ्या जावेने घेतला असेल. तिला सांगितलं काय नि या कठड्याला सांगितलं काय!” ती हसली आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसायची थांबली. “का हो? काही बिघडलं का?”

“नाही,” तो म्हणाला.

वीस तारखेपासून. म्हणजे आज चौथा दिवस. चार दिवस तो सात नंबरचा आरसा तिसऱ्या भोकात होता, आणि आपण घरी नातीला मांडीवर घेऊन बसलो होतो. मग लगेच मनाने दुसरी बाजू घेतली. चार दिवसांत काही झालं नाही ना? झालं असतं तर कानावर आलं असतं. मन असंच असतं, लबाड वकिलासारखं.

सात नंबरच्या बरोबर समोर, इमारत आणि पाण्याची टाकी यांच्यामधल्या फटीतून, खालच्या रस्त्याचं वळण दिसत होतं, तळहाताएवढं. तिकडे त्याने पाहिलं नाही. त्याने पिशवी उचलली, तिच्यातला लाल कपडा आहे ना ते चाचपलं आणि जिना उतरायला लागला.

त्या वळणावर फेब्रुवारीच्या अठरा तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, स्कूटरवरून घरी येणारा एक माणूस विजेच्या खांबावर जाऊन आदळला होता. छापखान्यात कामाला होता. वर्षानुवर्षं रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने यायचा. रस्ता कोरडा, समोर वाहन नाही, स्कूटर धडधाकट. पंक्चर काढणारा तिथेच बसलेला असतो, त्याने पाहिलं. तो ज्याला त्याला सांगत सुटला की माणसाने एकदम डोळ्यांवर हात धरला आणि सरळ खांबात गेला. लोक म्हणाले, ऊन डोळ्यांवर आलं असेल. पंक्चरवाला म्हणाला, कसलं ऊन? दुपारी चारला तो पूर्वेकडे तोंड करून येत होता, सूर्य तर त्याच्या पाठीशी होता! मग काय विचारता. समोर कोणीतरी उभं राहिलं, असं ठरलं. त्या कोणीतरीला पंधरा दिवसांत पांढरी साडी मिळाली, महिन्याभरात मोकळे केस मिळाले. आता रिक्षावाले त्या वळणावर हॉर्न वाजवत जातात, दिवसाउजेडीसुद्धा.

आरसेवाल्याने ही गोष्ट मार्च महिन्यात, केस कापायला बसला असताना ऐकली. सूर्य पाठीशी होता, हे ऐकलं आणि त्याची मान अशी हलली की न्हाव्याची कात्री कानाला लागली. समोरच्या आरशात त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. सगळ्या गावाला भूत दिसत होतं; त्याला एकट्याला त्या भुताचा नंबर माहीत होता.

माहीत होता म्हणजे काय, संशय होता. आणि संशय खात्रीपेक्षा वाईट.

त्याला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांचा एकच कडक नियम होता. आरसा बसवला की छतावरून खाली उतरायचं आणि उजेड जिथे जिथे सांडतो तिथे स्वतः जाऊन उभं राहायचं. “वरून काही कळत नाही रे,” ते म्हणायचे, “उजेड जातो तिथे आपला डोळा नेऊन ठेवायचा. जळला तर आपला जळू दे.” प्रत्येक भोकाला हे करायचं. आरसेवाल्याने पहिल्या भोकाला केलं, दुसऱ्याला केलं. तिसऱ्या भोकाची तारीख आली तेव्हा मुलगी दवाखान्यात होती. तिला कळा सुरू झाल्या होत्या आणि डॉक्टर काही स्पष्ट बोलत नव्हते. त्याने मालकिणीला फोन केला, खुंटी तिसऱ्यात घाला, म्हणाला. दोन भोकं नीट आहेत तर तिसरंही नीटच असणार. सतरा तारखेला नात झाली. अठराला तो तिच्या मुठीतली बोटं मोजत बसला होता. ती आता आठ महिन्यांची आहे, आणि वय विचारलं की तिचा आजोबा उत्तर न देता उठून जातो.

घरात त्याने न्हाणीतल्या आरशावर टॉवेल टांगून ठेवला होता. बायको वैतागली होती. “दाढी काय भिंतीकडे बघून करता? तोंडभर कापून घेतलंय!” तिला त्याने काही सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? मी माणूस मारला, बहुतेक?

बहुतेक हा शब्द त्याला खात होता. म्हणून त्याने उन्हाळ्यात दिनदर्शिका घेऊन हिशेब मांडला. वर्षातला सगळ्यांत लहान दिवस डिसेंबरच्या एकवीसला. तिथून अठरा फेब्रुवारी एकोणसाठ दिवस पुढे. सूर्य ज्या उंचीवर एकोणसाठ दिवस पुढे असतो, त्याच उंचीवर एकोणसाठ दिवस मागेही असतो. हेही उस्तादांनीच शिकवलेलं. एकवीस डिसेंबरपासून त्याने बोटाने एकेक घर मागे मोजलं आणि बोट तेवीस ऑक्टोबरवर थांबलं. त्या दिवशी, तेच भोक, तीच वेळ, आणि आपण स्वतः वळणावर. उजेड आला तर त्या माणसाच्या घरात जायचं आणि सांगून टाकायचं, पुढे काय व्हायचं ते होऊ दे. नाही आला तर हे भूत दुसऱ्या कोणाचं तरी आहे. तसं त्याने स्वतःला वचन दिलं होतं.

चारला पाच कमी असताना तो वळणावर पोचला. खांबाला नवा रंग दिला होता. शेजारीच त्या माणसाचं घर, बैठं, रस्त्याकडे खिडकी असलेलं. त्या घराकडे त्याने पाठ केली, लाल कपडा हातात घेतला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला. कोणी स्कूटरवाला आला तर थांबवायचा, असं ठरवलं होतं. आज आणखी कोणाला डोळ्यांवर हात धरायला लागता कामा नये.

“काय काका, रेल्वे यायची आहे का?” एका सायकलवाल्याने जाता जाता विचारलं.

पंक्चरवाला खो खो हसला. आरसेवाला हसला नाही.

चार वाजून पाच. त्याने फटीकडे तोंड केलं. इमारत, टाकी, आणि मधल्या फटीत दूरवर लॉन्ड्रीचा कठडा. आठ आरसे इथून आठ बोटांच्या नखांएवढे दिसत होते, निळसर, आभाळ पोटात घेतलेले. सात नंबर त्याने नजरेने धरून ठेवला. चार आठ. चार नऊ. चार दहा.

काही नाही. नख निळंच राहिलं.

घड्याळ पुढेमागे असेल, म्हणून तो थांबला. चार पंधरा. चार वीस. तो दोन पावलं पुढे गेला, दोन मागे, खाली बसून पाहिलं, टाचा उंचावून पाहिलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत पाहिलं. चार पंचवीसला त्याने लाल कपडा खाली केला आणि घडी करून पिशवीत टाकला. जीव भांड्यात पडला म्हणतात ते हे. आठ महिने! आठ महिने आपण फुकट स्वतःला सोलत होतो. घरी जायचं, आधी तो टॉवेल काढायचा, पोरीला उचलून आरशासमोर न्यायचं आणि दाखवायचं, बघ, ही कोण?

“अहो, ऐकलंत का?” मागून आवाज आला.

खिडकीत पन्नाशीची एक बाई उभी होती, गळ्यात मापाची टेप, हातात कात्री. “कधीचे उन्हात उभे आहात. रस्त्याच्या ऑफिसातून आलात का? वळणावर गोल आरसा बसवा, म्हणून अर्ज केलाय मी.”

“नाही, मी त्यातला नाही. म्हणजे आरशाचंच काम करतो, पण ते वेगळं.”

“असू दे. पाणी घ्या निदान. या आत.”

तासाभरापूर्वी कोणी त्याला फरफटत नेलं असतं तरी तो त्या दारात शिरला नसता. आता तो सरळ गेला. गुन्हा नसलेल्या माणसाला कुठल्याही घरात जाता येतं.

खोली लहान, पण लख्ख. खिडकीशी शिलाईचं यंत्र, त्यावर अर्धवट शिवलेला शाळेचा गणवेश. समोरच्या भिंतीला लागून एक रिकामी लाकडी खुर्ची, आणि भिंतीवर त्या माणसाचा फोटो, चष्मा लावलेला, फोटो काढून घ्यायचा कंटाळा आल्यासारखा. आरसेवाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. मनातल्या मनात म्हणाला, बाबा रे, मी नव्हतो. आणि त्याला खरंच हलकं वाटलं.

त्याने एका दमात तांब्या संपवला. खुर्ची मोकळी होती, पण बाईने त्याला पुढे केलं ते स्टूल.

“चहा टाकते,” ती म्हणाली. “माझा एकदा होऊन गेलाय, पण आणखी घोटभर घेईन तुमच्याबरोबर. पूर्वी चार दहाला टाकायचे. हे वळणावर आले की दोनदा हॉर्न द्यायचे. हॉर्न ऐकायचा, गॅस पेटवायचा, इतकं ठरलेलं. त्या दिवशी एकदाच वाजला.”

“हो,” तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

“आता साडेतीनला आधण ठेवते.”

“लवकर?”

“हल्ली ते अर्धा तास लवकर येतात.”

तिने हे इतक्या सहज सांगितलं की आधी त्याला वाटलं मुलाबद्दल बोलते आहे. मग तिची नजर त्या रिकाम्या खुर्चीवर गेली. बिचारी, त्याच्या मनात आलं, आणि तो आता निघावं या बेताने पुढे सरकला.

“वेडी नाही मी,” ती म्हणाली. “कोणाला सांगतही नाही. तुम्ही आरशाचं काम करता म्हणालात म्हणून विचारते. ही खिडकी पूर्वेची. सकाळी ऊन येतं ते दहाला संपतं. मग दुपारी या खिडकीतून ऊन यायचं काही कारण आहे का? सांगा बघू.”

तो पुढे सरकला होता तसाच स्टुलाच्या कडेवर थांबला.

“त्या दिवशी आलं. मी यंत्रावर होते. मागच्या भिंतीशी, त्या खुर्चीत एकदम कवडसा पडला, चांगला सुपाएवढा. मी वळून बघितलं, म्हटलं हे कुठून? घड्याळ बघितलं, चार दहा. म्हटलं आता हे आले की विचारू. आणि बाहेर आवाज झाला.” तिने गॅसकडे तोंड केलं. “नंतर आठ महिने काही नाही. परवा परत आला. काल आला, आज आला. रोज थोडा वर चढतो. परवा पायाशी होता, आज खुर्चीत बसला. फक्त वेळ बदलली. चार दहा नाही, तीन चाळीस. मी म्हटलं, बरोबर आहे, आता कसला छापखाना नि कसली पाळी! सुटत असतील लवकर.”

ती स्वतःच्याच बोलण्याला थोडं हसली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं. आरसेवाला त्याच्याकडे पाहत राहिला आणि त्याला उस्ताद आठवले, मनगट उघडं असलेले. त्यांनी जन्मात घड्याळ घातलं नाही. जिथे जातील तिथे जमिनीत एक काठी रोवायचे आणि सावली बघायचे. पोरं हसायची. उस्ताद म्हणायचे, हसा लेको. घड्याळ बारा महिने एका चालीने चालतं, सूर्य नाही चालत. फेब्रुवारीत तो मागे रेंगाळतो आणि ऑक्टोबरात पुढे पळतो. दोघांत अर्ध्या तासाचं अंतर पडतं. त्याने ते ऐकलं होतं आणि म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा म्हणून सोडून दिलं होतं. दिवस त्याने बोट ठेवून मोजले; वेळ मात्र घड्याळाची धरली.

तो अर्धा तास उशिरा आला होता. एवढंच.

“आज तर गंमतच झाली,” बाई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. “कवडसा खुर्चीत होता आणि एकदम मंद झाला. मला वाटलं, गेले. तर पुन्हा उजळला. पुन्हा मंद, पुन्हा उजेड. असं तीनदा. मोजलं मी. कोणीतरी समोरून हात हलवावा ना, तसं. मी पण हलवला.”

तिने तो हात त्याला करून दाखवला, कात्री धरलेला, लाजून अर्धाच वर उचललेला.

आरसेवाल्याला फडक्याचा ओला वास आला. ते त्याच्या खांद्यावरच होतं. वाफ सोडली, पुढे वाकलो, पुसलं, बाजूला झालो. तीनदा. आपल्या पाठीमागे, त्या फटीतून खाली, ही बाई हात हलवत होती.

“मला पाणी, म्हणजे, चहा नको,” तो म्हणाला आणि उठला. उंबऱ्यात त्याने एक चप्पल पायात सरकवली. कोणालाही काही कळलं नव्हतं. लॉन्ड्रीवालीला कळलं नव्हतं, पंक्चरवाल्याला कळलं नव्हतं, आणि या बाईला तर उलटं काहीतरी मिळालं होतं. आता सरळ छतावर जायचं, खुंटी दुसऱ्या भोकात ठोकायची. वळण कायमचं निर्धोक. सगळं मिटलं. घरी जाऊन टॉवेल काढता येईल.

“उद्या या ना,” बाई मागून म्हणाली. “साडेतीनला या. तुम्ही जाणकार आहात, बघून सांगाल. आणखी एक-दोन दिवस येतील असं वाटतं. मी चहा टाकून ठेवते.”

तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, पण आवाज ऐकला. आठ महिन्यांत तिने कोणाला तरी पहिल्यांदाच घरी बोलावलं असावं असा तो आवाज होता.

“उद्या ते यायचे नाहीत,” तो म्हणाला.

“काय?”

“उद्यापासून यायचे नाहीत. इथे कधीच नाहीत.”

पाठीमागे आधणाचं पाणी खदखदत होतं. मग गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“तुम्हाला काय माहीत?” तिने विचारलं.

त्याने पायातली चप्पल काढली, खांद्यावरचं फडकं हातात घेतलं आणि परत आत आला. ती खुर्ची आणि ते स्टूल, दोन्ही सोडून तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.